कामाची वाटणी आणि माणसांची पारख



जून महिन्यात शाळा उघडते, प्रवेशोत्सवाचे तोरण उतरते आणि मुख्याध्यापकाच्या टेबलावर एक कोरा कागद येतो. त्यावर त्या वर्षाची वर्गवाटणी लिहावयाची असते. बहुतेक शाळांत हा कागद भरावयास पाव तास पुरतो. ज्येष्ठ असेल त्याला वरचा वर्ग, नवा आलेला असेल त्याच्या माथी पहिली. राहिलेले दोन वर्ग राहिलेल्या दोघांना. त्यानंतर इतर कामे. पोषण आहाराची नोंदवही, ग्रंथालय, क्रीडा, ऑनलाइन भरावयाची माहिती, शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त. ही कामे गेल्या वर्षी ज्याने तक्रार केली नाही त्याच्याकडेच पुन्हा जातात. कागदाखाली सही होते, शिक्का बसतो आणि तो कागद फाइलीत जातो.

पाव तासात उरकलेल्या या वाटणीवर शाळेतील प्रत्येक मुलाचे पुढील वर्ष अवलंबून असते, आणि शिक्षकाचेही. ज्याला जे साधते ते त्याच्या वाट्यास आले तर तो घंटेच्या आधी शाळेत येतो आणि घंटा झाल्यावरही रेंगाळतो. ज्याला जे साधत नाही नेमके तेच आले तर तोच मनुष्य वर्षभर घड्याळाकडे पाहत राहतो. पुढे दहा वर्षांनी त्याच्या नावापुढे 'कामात रस नाही' असा शेरा पडतो. कामचुकार माणसे जगात असतात, नाही असे नव्हे. परंतु त्यांतील कित्येक तशी जन्मलेली नसून अशा पाव तासाच्या वाटण्यांनी घडलेली असतात.

तेव्हा प्रश्न असा की, कामाची वाटणी करण्यापूर्वी माणसांची पारख कशी करावी, आणि ती केल्यावर शाळेचा संसार त्या पारखीवर कसा उभारावा. याचे उत्तर सूत्रांत शोधण्यापेक्षा चार माणसांच्या चरित्रांत शोधलेले बरे. ही चारही माणसे शिक्षकच होती. दोन गुजरातीभाषी, दोन मराठीभाषी. पहिल्याने दुसऱ्याला ओळखले, दुसऱ्याने तिसरीला, तिसरीने चौथीला. आणि या ओळखण्यातून जे काम उभे राहिले त्याचे शेवटचे टोक आज प्रत्येक गावाच्या अंगणवाडीपर्यंत येऊन पोहोचले आहे.

सौराष्ट्रातील भावनगर शहरी १९१० साली दक्षिणामूर्ती नावाची संस्था एका विद्यार्थिगृहाच्या रूपाने सुरू झाली. तिचे संस्थापक नृसिंहप्रसाद भट्ट. लोक त्यांना नानाभाई म्हणत. ते शामळदास महाविद्यालयात प्राध्यापक होते. पुढे संस्थेने शाळाही चालविली. १९१६ साली या संस्थेत गिजुभाई बधेका नावाचे एक वकील येऊन दाखल झाले. त्यांनी तारुण्यात काही काळ पूर्व आफ्रिकेत घालविला होता आणि पुढे वढवाण येथे त्यांची वकिली चालत होती. शिक्षक होण्याचे रीतसर शिक्षण त्यांना नव्हते. आजच्या निकषाने पाहिले तर ते अपात्र ठरले असते! नानाभाईंनी त्यांना घेतले आणि लवकरच मोठ्या विद्यार्थ्यांच्या शाळेची जबाबदारी त्यांच्यावर आली.

येथपर्यंतची हकिगत सामान्य आहे. बुद्धिमान मनुष्य मिळाला आणि त्याला वरची जागा दिली, असे सर्वत्र घडते. परंतु मोठ्या मुलांना शिकविताना गिजुभाईंच्या मनाने असे घेतले की, मुलाच्या घडणीचा खरा काळ याच्या कितीतरी आधीचा आहे. त्यांच्या स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने माँटेसरीबाईंचे विचार त्यांच्या वाचनात आले होते. त्यांना लहान मुलांत जावेसे वाटू लागले. वरच्या शाळेतील मानाची जागा सोडून अडीच-तीन वर्षांच्या मुलांत बसण्याची ही इच्छा. एखाद्या शिक्षकाने अशी इच्छा बोलून दाखविली तर काय होईल? बहुधा त्याची प्रकृती ठीक नसावी असे समजून त्याची चौकशी होईल. नानाभाईंनी मात्र त्या इच्छेला जागा करून दिली आणि १९२० साली दक्षिणामूर्तीचे बालमंदिर उघडले.

यात नानाभाईंचे कर्तृत्व कोणते, असे कोणी विचारील. बालमंदिर गिजुभाईंनी चालविले, पुस्तके त्यांनी लिहिली, कीर्ती त्यांची झाली. स्वतः नानाभाईंचा ओढा मोठ्या विद्यार्थ्यांकडे आणि पुढे ग्रामशिक्षणाकडे होता. आंबला आणि नंतर सणोसरा येथील त्यांच्या संस्था त्याची साक्ष देतात. त्यांनी बालशिक्षणात ढवळाढवळ केली नाही. माध्यमिक विभागात हरभाई त्रिवेदी आपले प्रयोग करीत होते, त्यांतही केली नाही. एकाच आवारात तीन वेगवेगळ्या प्रकृतीची माणसे तीन वयांच्या मुलांवर आपापल्या रीतीने काम करीत होती, आणि मध्ये उभ्या असलेल्या प्रमुखाने कोणालाही दुसऱ्यासारखे होण्यास सांगितले नाही. शाळेच्या प्रमुखाला इतके साधले तरी पुष्कळ झाले.

गिजुभाईंचे बळ कशात होते? गोष्ट सांगण्यात, मुलांबरोबर नाटक करण्यात, मुलांच्या पातळीवर उतरून त्यांचेच होऊन जाण्यात. भरघोस मिशांच्या या गृहस्थाला लोक 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई म्हणू लागले. त्यांचे 'दिवास्वप्न' हे पुस्तक ज्या शिक्षकांनी वाचले असेल त्यांना आठवत असेल की, त्यातील प्रयोगशील शिक्षक चौथीच्या वर्गात शिरतो तेव्हा पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून आधी गोष्टीच सांगतो. परंतु असा प्रतिभावान मनुष्य एकटा असला म्हणजे त्याचे काम त्याच्याबरोबरच संपते. ते शेकडो शिक्षकांपर्यंत न्यावयाचे तर त्याला प्रशिक्षणाचा क्रम लागतो, नियतकालिक लागते, संघटना लागते. आणि या गोष्टींसाठी दुसऱ्या जातीचा गुण हवा असतो.

तो गुण १९२३ साली भावनगरास आला. ताराबाई मोडक या मुंबई विद्यापीठाच्या १९१४ सालच्या पदवीधर. माहेरच्या त्या केळकर, प्रार्थना समाजाच्या वातावरणात वाढलेल्या. राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाच्या त्या प्रमुख होत्या. पगाराची आणि मानाची ती जागा सोडून त्या गिजुभाईंच्या बालमंदिरात आल्या. शिक्षक तयार कसे करावे हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. विषयाचे पृथक्करण करून तो लिहून काढण्याची त्यांना सवय होती. गिजुभाईंनी त्यांना आपली गोष्ट सांगण्याची हातोटी शिकविण्याचा हट्ट धरला नाही; बालशिक्षणाचा विचार बांधून काढण्याचे काम दोघांनी मिळून अंगावर घेतले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. 'शिक्षणपत्रिका' निघाली. ताराबाईंची मातृभाषा मराठी. तरी त्या गुजरातीत लिहू लागल्या आणि बालसाहित्याच्या पुस्तकमालेवर संपादक म्हणून दोघांची नावे एकत्र आली. १९३३ साली पत्रिकेची मराठी आवृत्ती ताराबाईंनी सुरू केली आणि १९३६ साली मुंबईत दादरला शिशुविहार काढले. १९३९ साली गिजुभाई गेले. काम थांबले नाही.

येथे क्षणभर थांबून पुन्हा आपल्या वर्गवाटणीच्या कागदाकडे पाहिले पाहिजे. त्या कागदावर पहिलीचा वर्ग सर्वांत खाली असतो, आणि तो मनातही सर्वांत खाली असतो. चौथी-पाचवी किंवा शिष्यवृत्तीचा वर्ग मिळणे हा मान आणि पहिली मिळणे ही शिक्षा, अशी समजूत कित्येक शाळांत कोणी न बोलता रूढ झालेली आहे. परिणाम असा होतो की, ज्या वयाच्या मुलाला सर्वांत कुशल हात हवा त्याला सर्वांत नवखा हात मिळतो. आणि पहिलीत जे राहून गेले ते चौथीत भरून काढताना तो कुशल हातही थकून जातो. गिजुभाईंनी वरची शाळा सोडून बालमंदिर मागितले, यात त्यागाचा भाग थोडा आणि पारखीचा अधिक होता. आपला गुण कोठे कामास येईल हे त्यांनी नेमके ओळखले होते. एखाद्या शाळेत लहान मुलांत खरोखर रमणारा शिक्षक असेल, मग तो सेवेने सर्वांत ज्येष्ठ का असेना, तर पहिली त्याला मिळाली पाहिजे, आणि ती मान म्हणून मिळाली पाहिजे.

आता चौथ्या व्यक्तीची हकिगत.

१९४५ साली मुंबईजवळ बोरिवली येथे कस्तुरबा स्मारक निधीतर्फे खेड्यांत काम करू इच्छिणाऱ्या स्त्रियांचे एक शिबिर भरले होते. ताराबाई तेथे गेल्या. दादरच्या शिशुविहाराचे काम स्थिरावले होते, परंतु त्यांच्या मनात एक बोच होती. माँटेसरी पद्धतीची बालमंदिरे शहरातील खाऊनपिऊन सुखी कुटुंबांपुरती राहिली होती. साधने महाग, इमारत हवी, फी हवी. हे शिक्षण खेड्यातील गरीब मुलापर्यंत न्यावयाचे त्यांनी ठरविले होते. त्यांचे वय त्या वेळी त्रेपन्न वर्षांचे होते. विचार तयार होता, अनुभव तयार होता. परंतु रोज सकाळी वस्तीत जाऊन मुले गोळा करणे, त्यांना आंघोळ घालणे आणि त्यांच्या आयांशी बोलत बसणे हे काम एकट्या विचाराने होत नाही.

त्या शिबिरात अनुताई वाघ होत्या. जन्म १९१० सालचा, पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. लहानपणीच लग्न झाले आणि लहानपणीच वैधव्य आले. त्यानंतर त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी अनेक वर्षे शिकविले. मॅट्रिकची परीक्षा त्यांनी नोकरी सांभाळून दिली. ताराबाईंजवळ पदवी होती, अनुताईंजवळ नव्हती. ताराबाई दोन भाषांतून लिहीत आणि महाराष्ट्र-गुजरातेत ओळखल्या जात. अनुताईंना त्या वेळी शाळेबाहेर फारसे कोणी ओळखत नव्हते. ताराबाईंनी खेड्यातील बालशिक्षणाच्या कामासाठी सहकारी हवी असल्याचे सांगितले आणि अनुताई पुढे झाल्या. त्याच वर्षी त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील, आता पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले.

या दोघींनी केलेले काम थोडे तपशिलाने पाहावे असे आहे, कारण त्यात दोघींचे गुण एकमेकांत कसे मिसळले ते दिसते. माँटेसरीच्या साधनांमागचे तत्त्व ताराबाईंना पक्के ठाऊक होते. मुलाने हाताने जुळवावे, मोजावे, लहान-मोठे लावावे, खडबडीत आणि गुळगुळीत ओळखावे, हे तत्त्व. ते तत्त्व सांभाळून साधन मात्र गावातीलच घ्यावयाचे असे ठरले. शिंपले, चिंचोके, गोटे, पाने, बिया, बांबू. विलायती पेटीतील ठोकळ्यांनी जे साधते ते यांनीही साधते, हे तत्त्व जाणणाऱ्या व्यक्तीलाच ठरविता येते. आणि कोणत्या वस्तूत मूल खरोखर रमते हे मुलांत रोज बसणाऱ्या व्यक्तीलाच सांगता येते. एकीवाचून दुसरीचे ज्ञान अर्धे राहिले असते.

पुढे असे आढळले की, बालवाडी उघडली तरी गरिबांच्या वस्तीतील मुले तिच्यापर्यंत येत नाहीत. अशा वेळी पालकांना दोष देणे सर्वांत सोपे असते. या दोघींनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. १९७५ साली केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा गावोगावच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. १९५७ साली संस्थेचे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवती वारली वस्त्या. तेथील अडचण निराळी होती. जरा मोठी झालेली मुले गुरे राखावयास जात, धाकट्या भावंडांना सांभाळीत. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका ठिकाणी आणणारी विकासवाडी निघाली, आणि गुराख्यांसाठी शाळा कुरणावर गेली. तिचे नाव कुरणशाळा. शिक्षकाने गुरांच्या मागे जाऊन झाडाखाली वर्ग भरवावयाचा, ही कल्पना ऐकावयास गोड वाटते. करावयास ती किती कठीण असेल हे पावसाळ्यात खेड्यातील शाळा चालविणाऱ्यांस सांगावयास नको.

त्या कुरणावर आणखी एक गोष्ट घडत असली पाहिजे. वर्गात बसविल्यावर जे मूल मंद दिसते तेच कुरणावर झाडांची, पाखरांची, गुरांच्या दुखण्याखुपण्याची माहिती सांगू लागते. मूल तेच, जागा बदलली. शिक्षकाच्या बाबतीतही असेच होते. चार भिंतींत ज्याचा आवाज दबलेला वाटतो, तो शाळेच्या बागेत किंवा मैदानावर मोकळा होतो. मनुष्य कशाला योग्य नाही, हे ठरविण्यापूर्वी तो कोणकोणत्या जागी पाहिला गेला आहे, हा प्रश्न विचारावयास हवा.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर अनुताईंनी एकोणीस वर्षे, म्हणजे १९९२ साली त्यांचे स्वतःचे निधन होईपर्यंत, कोसबाडचे काम चालविले. १९८५ साली त्यांनाही पद्मश्री मिळाली. प्रमुख व्यक्ती गेल्यावर काम चालते की मोडते, यावरून त्या व्यक्तीने सहकारी निवडले होते की केवळ मदतनीस, हे समजते.

अनुताईंच्या चरित्रातील एक गोष्ट मात्र येथे विसरता कामा नये, नाही तर या साऱ्या विवेचनाचा विपरीत अर्थ होईल. १९६१ साली, वयाच्या पन्नाशीनंतर, त्या पदवीधर झाल्या. ज्या गुणासाठी त्या निवडल्या गेल्या त्या गुणापाशीच त्या थांबल्या नाहीत. पुढे त्यांनी लेखनही केले; 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध आहे. माणसाचा गुण ओळखून त्याला काम देणे म्हणजे त्याला त्या गुणाच्या कोंडवाड्यात घालणे नव्हे.

आणि शाळांत नेमके हेच होत असते. ज्याचे अक्षर सुंदर, त्याच्या गळ्यात सर्व नोंदवह्या पडतात. जनरल रजिस्टरपासून समितीच्या ठरावापर्यंत सारे त्याने लिहावयाचे, आणि त्याच्या वर्गातील मुले पाटीवर रेघोट्या मारीत बसावयाची. ज्याला संगणक येतो त्याला महिनामहिना वर्ग दिसत नाही. पाहुणे येणार असले की रांगोळी, स्वागतगीत आणि चहा ही तिन्ही कामे शिक्षिकांची, मग त्यांतील एकीला गणित उत्तम येत असले तरी ते कोणाच्या ध्यानी येत नाही. याला गुणांची कदर म्हणणे ही त्या गुणांची थट्टा आहे. अशा शाळेत शहाणा मनुष्य आपला गुण लपवू लागतो; अक्षर मुद्दाम वाईट काढतो. शिक्षकाच्या ज्या गुणाचा लाभ मुलाला होतो, तो वर्गवाटणीत पहिला धरावा. ज्याचा लाभ केवळ कार्यालयाला होतो, तो शेवटचा.

तसेच, गुणाची पारख म्हणजे दोषाकडे डोळेझाक नव्हे. एखादा शिक्षक गणित फार उत्तम शिकवितो, पण मुलांना मारतो, तर त्याच्या गणिताने त्याचे मारणे क्षम्य होत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तर ते निषिद्धच केले आहे. ज्या उणिवेने मुलाला इजा होते ती दूर केलीच पाहिजे. ज्या उणिवेने काम फक्त थोडे अडते, म्हणजे एखाद्याला गाता येत नाही, एखाद्याला चित्र काढता येत नाही, ती दुसऱ्याच्या गुणाने भरून काढता येते. या दोहोंतील फरक प्रमुखाला कळला नाही तर तो पहिल्या प्रकारच्या उणिवेवर पांघरूण घालीत आणि दुसऱ्या प्रकारच्या उणिवेवर नोटिसा काढीत बसतो.

पारख करावयाची कशी? माणसाला त्याचा गुण विचारला तर तो बहुधा सांगत नाही. संकोच हे एक कारण आहे. दुसरे अधिक खोल आहे. जे ज्याला सहज येते ते त्याला गुण वाटतच नाही. सर्वांनाच ते येत असेल असे तो धरून चालतो. म्हणून विचारण्यापेक्षा पाहणे बरे. कोणत्या तासाला त्याला घंटा ऐकू येत नाही? कोणते काम तो न सांगता पुरे करतो? सहकारी कोणत्या अडचणीत त्याच्याकडे जातात? मुले घरी जाऊन कोणाची नक्कल करतात, कोणाची गाणी म्हणतात? गावातील आया कोणत्या शिक्षकाला वाटेत थांबवून बोलतात? या पाच-सहा प्रश्नांची उत्तरे दोन महिन्यांत कोणत्याही मुख्याध्यापकाला मिळू शकतात. अट इतकीच की, त्याने खुर्चीवरून उठून ओसरीत फिरले पाहिजे.

चार शिक्षकांची एक शाळा डोळ्यांसमोर आणावी. पहिली ते चौथी. एक ज्येष्ठ गुरुजी निवृत्तीच्या जवळ आलेले. फळ्यावर भराभर लिहिणे आता होत नाही, परंतु गोष्ट सांगू लागले की खिडकीतील चिमणीही थांबते, आणि गावातील प्रत्येक घराची त्यांना माहिती. दुसरे गुरुजी गणितात निष्णात, बोलणे कमी. एक शिक्षिका, लहान मुलांत रमणाऱ्या, गळा गोड. आणि एक नवे तरुण शिक्षक, कबड्डीपटू, संगणकात तरबेज, वर्गात अजून थोडे बुजलेले. शिक्षिकांना पहिली, ज्येष्ठ गुरुजींना दुसरी, तरुणाला तिसरी, गणिताच्या गुरुजींना चौथी, अशी वाटणी झाली असे धरू. ती वाईट नाही. परंतु एवढ्यावर थांबले तर पहिलीला गाणी मिळतील आणि चौथीला मिळणार नाहीत, चौथीला गणित मिळेल आणि तिसरीला मिळणार नाही.

आता आठवड्यातून तीन दिवस अर्धा-अर्धा तास पुढीलप्रमाणे करून पाहावे. ज्येष्ठ गुरुजींनी पहिली आणि दुसरी एकत्र बसवून गोष्ट सांगावी. पहिलीच्या शिक्षिका मोकळ्या झाल्या. त्यांनी चौथीत जाऊन कविता चालीवर बसवाव्यात. त्यामुळे गणिताचे गुरुजी मोकळे झाले. त्यांनी तिसरीत जाऊन दशक-शतक आणि भागाकार पक्का करावा. तिसरीचे तरुण शिक्षक मोकळे झाले. तो अर्धा तास त्यांनी कार्यालयात बसून माहिती भरावी, म्हणजे तिच्यासाठी वर्ग सोडावा लागणार नाही. त्या तीन दिवशी शेवटच्या तासाला त्यांनी चारही वर्ग मैदानावर न्यावेत आणि तेवढ्यात इतर तिघांनी वह्या तपासाव्यात. मधूनमधून त्यांनी तिसरीतच मागे बसून गणिताच्या गुरुजींचा पाठही पाहावा. त्यांचे बुजलेपण जाण्यास त्याहून चांगले औषध नाही. या व्यवस्थेत कोणाचा एक मिनिटही भार वाढत नाही, आणि प्रत्येक मुलाला स्वतःच्या वर्गशिक्षकाखेरीज इतरांच्या गुणांचाही लाभ मिळतो.

दोन शिक्षकांच्या शाळेत हे अर्ध्या प्रमाणात साधते. एकशिक्षकी शाळेत मात्र गुण शाळेबाहेर शोधावे लागतात. गोष्टी सांगणारी आजी, हिशेबात पक्का दुकानदार, बांबूचे काम करणारा कारागीर, सुतार. गाव लहान असले तरी ते या बाबतीत रिकामे नसते. शेजारच्या शाळेतील शिक्षकाशी महिन्यातून एक दिवस अदलाबदल करण्यास केंद्रप्रमुखांची संमती मिळाली तर तीही घ्यावी.

या सर्वांत प्रमुखाची स्वतःची जागा कोणती, हा नाजूक प्रश्न आहे. मुख्याध्यापकाला सर्व काही आले पाहिजे अशी एक जुनी समजूत आहे, आणि ती पुष्कळ घोटाळ्यांचे मूळ आहे. ज्याला सर्व येते असे दाखवावयाचे असते त्याला दुसऱ्याचा गुण डोळ्यांत खुपतो. ताराबाईंनी पस्तीस वर्षांच्या शिक्षिकेला सहकारी म्हणून घेतले तेव्हा आपल्या एकटीच्याने हे होणार नाही हे मान्य करूनच घेतले. मुख्याध्यापकाला ऑनलाइन माहिती भरता येत नसेल तर त्याने तरुण सहकाऱ्याजवळ सर्वांदेखत बसून शिकावे. मग तोच तरुण, वर्ग आवरत नाही, हे सर्वांदेखत सांगावयास धजेल. आणि अधिकारी भेटीस आले, फळ्यावरचे चित्र किंवा पहिलीतील वाचन पाहून 'छान' म्हणाले, तर त्या क्षणी ज्याचे ते काम असेल त्याचे नाव घ्यावे. 'आमच्या शाळेत आम्ही' असे म्हणणे सभ्यपणाचे दिसते. पण ज्याने दुपारच्या सुटीत बसून ते काम केलेले असते त्याच्या मनाला त्या 'आम्ही'चे काय होते, ते त्यालाच ठाऊक.

जूनमधील वाटणीचा तो कागद पाव तासात भरू नये. त्यासाठी एक दुपार द्यावी. प्रत्येकाच्या नावापुढे वर्ग आणि नेमलेले काम या दोन रकान्यांच्या जोडीला आणखी दोन रकाने आखावेत: 'इतर वर्गांना यांच्याकडून काय मिळेल' आणि 'यांना या वर्षी कोणाकडून काय शिकावयाचे आहे'. दुसरा रकाना मुख्याध्यापकाच्या नावापुढेही रिकामा राहू नये. सर्वांनी मिळून तो भरावा, एक प्रत शिक्षककक्षात लावावी, आणि दिवाळीच्या सुटीनंतर शाळा भरेल त्या पहिल्या शनिवारी पुन्हा समोर घेऊन बसावे. त्या दिवशी पहिलीच्या वर्गातील प्रत्येक मूल एकेकटे जवळ घेऊन वाचून पाहावे, म्हणजे कोणता रकाना खोडून नवा लिहावयाचा ते तेथेच ठरविता येईल.